डीएलपी प्रोजेक्टरमध्ये उजेड कमी-जास्त कसा होतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशकात मी प्रोजेक्टर भाड्याने देतो आणि बिघडलेले दुरुस्तही करतो. गणेशोत्सव, लग्नसराई आणि शाळांची स्नेहसंमेलनं हा आमचा हंगाम. त्या दिवसांत फोनवर तेच ते प्रश्न येतात: आकाशात मुंग्या का दिसतात, मोबाइलमध्ये पट्टे का येतात, हा पांढरा ठिपका कुठून आला. वरवर पाहता या वेगवेगळ्या तक्रारी आहेत, पण जवळजवळ सगळ्या एकाच गोष्टीपाशी येऊन थांबतात: डीएलपी प्रोजेक्टर बारीक आरशांनी चित्र पाडतो, आणि आतला आरसा उजेडाची वाटणी वेळ कापून करतो. ते एकदा कळलं की निम्मे प्रश्न तुमचे तुम्हीच सोडवाल, म्हणून सुरुवात तिथूनच.

आत खरंच आरसे असतात का?

हो. नखाएवढ्या चिपवर लाखो आरसे असतात. १०२४ गुणिले ७६८ च्या साध्या प्रोजेक्टरमध्ये ७,८६,४३२, आणि फुल एचडीमध्ये २०,७३,६००. ॲल्युमिनिअमचा प्रत्येक आरसा चौकोनी असतो आणि केसापेक्षा कितीतरी बारीक. सुरुवातीच्या चिपांमध्ये तो साधारण १६ मायक्रोमीटरचा होता, आता त्याहून लहान असतो. खाली बिजागरी, आणि तिच्याखाली एक बिट लक्षात ठेवणारी मेमरी. मेमरीत १ असेल तर आरसा एका बाजूला कलतो, ० असेल तर दुसऱ्या बाजूला. आज चालू असलेल्या बऱ्याच चिपांमध्ये हा कल दोन्हीकडे १२ अंशांचा असतो. एका बाजूला कलला की दिव्याचा उजेड लेन्समधून पडद्यावर जातो. दुसऱ्या बाजूला कलला की तोच उजेड आतल्या काळ्या भागावर आदळून जिरतो. तिसरी अवस्था नाही.

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीत लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ मध्ये ही चिप बनवली. तिच्यावर चालणारे प्रोजेक्टर १९९६ पासून बाजारात आले.

आरसा फक्त चालू किंवा बंद असेल, तर करडा रंग येतो कुठून?

लहानपणी गच्चीवरून समोरच्या भिंतीवर कवडसा पाडलाय ना? आरसा हलवला की भिंत उजळते, वळवला की कवडसा गायब. आता समजा, तुम्ही आरसा इतक्या झपाट्याने आत-बाहेर करताय की समोरच्याला हलणं दिसतच नाही. निम्मा वेळ कवडसा भिंतीवर आणि निम्मा वेळ बाहेर असेल, तर त्याला भिंतीवर निम्म्या उजेडाचा स्थिर ठिपका दिसेल. एक चतुर्थांश वेळ ठेवला तर त्याहून मंद.

प्रोजेक्टर हेच करतो. दिवा तेवढाच जळतो, आरसाही तेवढाच चकचकीत असतो. बदलतो तो फक्त वेळ. प्रत्येक चित्राच्या वाट्याला सेकंदाचा साठावा भाग, म्हणजे १६.६७ मिलिसेकंद येतात. तेवढ्या वेळात कोणता आरसा किती काळ पडद्याकडे तोंड करून राहिला, यावर त्या ठिपक्याची छटा ठरते. बेरीज आपला डोळा करतो. पुस्तकात याला पल्स विड्थ मॉड्युलेशन म्हणतात. एलईडी दिव्याचा डिमरही याच कुळातला.

आरसा अर्धवट तिरका ठेवून निम्मा उजेड का देत नाहीत? सोपं झालं असतं.

तोच विचार आधी झाला होता. हॉर्नबेक यांनी १९७७ च्या सुमारास या दिशेने काम सुरू केलं, तेव्हा आरसा हवा तेवढाच वाकवायचा बेत होता. अडचण अशी की लाखो आरसे एका व्होल्टेजला अगदी सारखे वाकले पाहिजेत. एखाद्याची बिजागरी किंचित सैल निघाली की तिथे वेगळी छटा, आणि मग पडदा ठिपक्याठिपक्यांचा. म्हणून शेवटी आरशाला दोनच जागा ठरवून दिल्या आणि छटांची जबाबदारी घड्याळावर टाकली. घड्याळ लाखो आरशांना सारखंच लागू होतं. मला यातली हुशारी नेहमी इथेच वाटते: नाजूक काम यंत्राच्या हातून काढून घेतलं आणि मोजणीच्या हाती दिलं.

८ बिट, १० बिट म्हणजे काय?

भाजीवाल्याची वजनं आठवा. समजा त्याच्याकडे आठच वजनं आहेत: १, २, ४, ८, १६, ३२, ६४ आणि १२८. एवढ्यांत ० ते २५५ पर्यंतचं कुठलंही वजन तोलता येतं. १०० हवे असतील तर ६४, ३२ आणि ४ टाकायचे. प्रोजेक्टर एका चित्राचा वेळ नेमका याच वजनांत कापतो. सगळ्यात लहान तुकडा १ चा, पुढचा दुप्पट, त्यापुढचा त्याच्या दुप्पट. आठ वजनं म्हणजे ८ बिट, दहा असतील तर १० बिट. छटा १०० असेल तर तो आरसा ६४, ३२ आणि ४ च्या तुकड्यांत चालू आणि बाकीच्यांत बंद.

हे तुकडे सगळ्या आरशांना एकदमच लागू होतात. एका तुकड्यात लाखो आरशांपैकी कोण चालू आणि कोण बंद, याचा जो काळा-पांढरा नकाशा असतो त्याला बिट प्लेन म्हणतात. म्हणजे पडद्यावर कुठल्याही क्षणी करडं चित्र नसतंच. एकामागून एक निव्वळ काळी-पांढरी चित्रं येतात आणि करडा रंग आपल्या डोक्यात तयार होतो.

यात एक गंमत आहे. १२७ आणि १२८ या छटा डोळ्याला जवळपास सारख्याच. पण १२७ साठी पहिली सात वजनं चालू आणि मोठं बंद, तर १२८ साठी मोठं एकटंच चालू. शेजारच्या दोन ठिपक्यांचे आरसे अगदी उलट वेळी चमकतात. पडद्यावर एखादा चेहरा सरकत असेल आणि आपला डोळा त्याच्यामागे फिरत असेल, तर गालावर नसलेली रेघ उमटते. म्हणून मोठ्या वजनाचे तुकडे करून ते सगळ्या वेळात विखरून टाकतात. सुरुवातीच्या काही मॉडेलमध्ये ही रेघ मी पाहिली आहे, नव्यांत क्वचितच.

इतक्या कमी वेळात आरसा हलतो?

हिशेब करून बघा. एकाच चिपच्या प्रोजेक्टरमध्ये १६.६७ मिलिसेकंद लाल, हिरवा आणि निळा यांत वाटायचे. प्रत्येकाला ५.५६. त्याचे २५५ भाग केले की सगळ्यात लहान तुकडा २१.८ मायक्रोसेकंदांचा. आरसा एका बाजूचा दुसऱ्या बाजूला पडून स्थिरावायला पंधराएक मायक्रोसेकंद घेतो. जमतं, पण काठावर. याहून बारीक छटा निव्वळ वेळ कापून काढणं कठीण जातं.

मग उपाय काय? पहिला: आरसा आपल्या जागी धरून ठेवलेला असतानाच खालच्या मेमरीत पुढचा नकाशा भरून ठेवायचा, आणि भरून झाला की एका झटक्यात आरशांना मोकळं करायचं. दुसरा: चिपचे आडवे गट पाडून गटागटाने हलवायचं. तिसरा उपाय पुढे एलईडीच्या प्रश्नात येतो. आणि चौथा म्हणजे डिदरिंग. त्याने माझी एकदा पुरती फजिती केली.

अंधाऱ्या दृश्यात मुंग्या चालल्यासारख्या का दिसतात?

पंचवटीतल्या एका मंडळाच्या देखाव्यासाठी प्रोजेक्टर दिला होता. रात्रीच्या अरण्याचं दृश्य होतं. कार्यकर्त्याचा फोन: "दादा, आकाशात मुंग्या चालतायत." मी गेलो, एचडीएमआय केबल बदलली. मुंग्या तशाच. प्लेअर बदलला. तशाच. दुसरा प्रोजेक्टर आणून लावला, त्यातही! दीड तास घाम गाळल्यावर सहज मागे खुर्च्यांत जाऊन बसलो, तर तिथून आकाश स्वच्छ. पडद्याजवळ हातभर अंतरावर गेलो की पुन्हा मुंग्या.

तो बिघाड नव्हताच. व्हिडिओच्या फाइलमधला आकडा आणि प्रत्यक्ष उजेड यांचं प्रमाण सरळ नसतं. जुन्या पिक्चर ट्यूबच्या स्वभावाला धरून ते वाकडं ठेवलेलं आहे. त्या वळणाला गॅमा म्हणतात आणि ते साधारण २.२ धरतात. ट्यूबमध्ये ते वळण अंगचंच होतं. आरशाला तसला स्वभाव नाही: निम्मा वेळ म्हणजे निम्मा उजेड. त्यामुळे प्रोजेक्टरला आधी आकडे सरळ करून घ्यावे लागतात. फाइलमध्ये २५५ पैकी १२८ लिहिलं असेल तर आरसा निम्मा वेळ नाही, फक्त २२ टक्के वेळ चालू ठेवायचा.

आता अंधाराकडे या. याच हिशेबाने फाइलमधल्या साधारण २० पर्यंतच्या छटांना लागणारा वेळ आपल्या सगळ्यात लहान तुकड्यापेक्षाही कमी भरतो. रात्रीचं आकाश, काळे केस, अंधारातली साडी, सगळं या वीस आकड्यांतच असतं. भाजीवाल्याकडे पाव किलोच्या खालचं वजनच नाही, आणि गिऱ्हाईक मागतंय छटाकभर.

तिथे प्रोजेक्टर डिदरिंगची युक्ती करतो. एक चतुर्थांश तुकडा हवा असेल तर शेजारच्या चार आरशांपैकी एकालाच एक तुकडा चालू करतो, आणि पुढच्या चित्रात दुसऱ्याला. लांबून सरासरी बरोबर दिसते. जवळून ते इकडून तिकडे उड्या मारणारे ठिपके दिसतात. त्याच मुंग्या.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट सापडली. अरण्य नीट दिसावं म्हणून कुणीतरी मेन्यूमधला ब्राइटनेस वाढवून ठेवला होता. त्यामुळे जे आकाश ० होतं ते चार-पाचावर आलं. शून्याला आरसा पूर्ण बंद असतो, तिथे एकही मुंगी नसते. चार-पाचावर आणलं की अख्खं आकाश डिदरिंगच्या तावडीत. ब्राइटनेस पुन्हा खाली आणला, पुढची खुर्च्यांची रांग मागे सरकवली आणि चहा पिऊन घरी आलो. केबलचे पैसे मात्र मागता आले नाहीत.

मग मेन्यूमधला ब्राइटनेस वाढवू नये का?

नावाने फसू नका. तो दिव्याचा उजेड वाढवत नाही; सगळे आकडे वर सरकवतो, आणि त्याचा पहिला फटका काळ्या रंगाला बसतो. खरा उजेड कमी-जास्त करायचा असेल तर दिव्याचा किंवा इको मोडचा पर्याय बघा. तिथे छटा तशाच राहतात आणि सगळं चित्र सारखं मंद किंवा तेज होतं.

मान वळवली की लाल-हिरव्या-निळ्या रेषा चमकतात. डोळ्यांत दोष आहे का?

नाही. उलट तुमचे डोळे जरा जास्तच चपळ आहेत. एका चिपच्या प्रोजेक्टरमध्ये तिन्ही रंग एकाच आरशाने, पण एकामागून एक दाखवले जातात. दिव्यासमोर रंगीत काचेची चकती फिरते. चित्रामागे दोन फेरे घेणारी चकती ६० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं असताना, मिनिटाला ७,२०० फेरे मारते. चालू करताना जी बारीक शीळ ऐकू येते, ती बहुधा तिचीच असते. डोळा स्थिर असेल तर तिन्ही रंग एकावर एक पडून पांढरा होतो. डोळा झटकन फिरला की लाल एका जागी, हिरवा जरा पुढे आणि निळा त्याहून पुढे.

घरी करून बघा. खोलीत अंधार करा, पडद्यावर कोरं पांढरं पान दाखवा आणि लेन्सपासून हातभर अंतरावर पेन्सिल जोरात आडवी हलवा. सावलीच्या कडा रंगीत फुटतील. एलसीडी, म्हणजे आरशांऐवजी द्रवस्फटिकांनी उजेड अडवणाऱ्या प्रोजेक्टरसमोर हीच पेन्सिल नुसती करडी सावली पाडते. जुना प्रोजेक्टर घेताना आत कोणतं तंत्र आहे, हे दुकानदाराला न विचारता असं ओळखता येतं.

त्रास होत असेल तर जास्त वेगाची चकती असलेलं किंवा एलईडीचं मॉडेल बघा. घरात एकालाच दिसतं आणि बाकीचे त्याला वेड्यात काढतात, असं फार वेळा होतं.

लग्नाच्या शूटिंगमध्ये पडद्यावर पट्टे येतात. काय करावं?

कॅमेऱ्याचा शटर फार जलद असला की त्याला पूर्ण चित्र मिळतच नाही. वेळेचे एक-दोन तुकडेच त्याच्या हाती लागतात. शिवाय मोबाइलचा सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचतो. म्हणून वरच्या ओळींना लाल सापडतो, खालच्यांना निळा, आणि पट्टे तयार.

उपाय असा की शटर एका पूर्ण चित्राएवढा उघडा ठेवायचा. लॅपटॉप ६० हर्ट्झ देत असेल तर १/६० किंवा १/३०, आणि ५० देत असेल तर १/५० किंवा १/२५. मोबाइलवर यासाठी प्रो मोड लागतो. १/१००० वर काढलेल्या फोटोत नवरदेव हिरवा आला, तर त्यात प्रोजेक्टरवाल्याची चूक नाही, एवढं कृपया लक्षात ठेवा.

पांढरा झगझगीत दिसतो, पण रंग मळके का?

येवल्याच्या एका व्यापाऱ्याला पैठण्यांचे नमुने पडद्यावर दाखवायचे होते. लुमेन (उजेडाचं माप) भरपूर असलेलं मॉडेल त्यांनी मागून घेतलं. बिलाचा कागद लखलखीत दिसला आणि राणी रंगाची पैठणी मात्र विटकी.

कारण चकतीत. बऱ्याच प्रोजेक्टरच्या चकतीवर लाल, हिरव्या आणि निळ्यासोबत एक बिनरंगी काचही असते. पांढरं दाखवताना तिचा उजेड अधिकचा मिळतो, आणि डब्यावरचे लुमेन पांढऱ्यावरच मोजलेले असतात. शुद्ध लाल दाखवताना मात्र त्या काचेच्या वेळेत आरशाला बंदच राहावं लागतं. तिने घेतलेली जागा लालाच्या वाट्यातून गेलेली असते. मेन्यूमध्ये ब्रिलियंट कलर किंवा व्हाइट पीकिंग नावाचा आकडा असेल तर तो खाली आणा. एकूण उजेड उतरेल, पण रंग आपल्या जागी येतील. पैठणी दिसली, व्यापारी खूश, फक्त हॉलचे पडदे ओढून घ्यावे लागले.

पडद्यावर पांढरे ठिपके आले आहेत. साफ करून जातील का?

आधी फोकस फिरवून बघा. ठिपका धूसर आणि मोठा असेल तर ती बहुधा आतली धूळ, ती साफ होते. ठिपका अगदी टोकदार, एका पिक्सेलएवढा चौकोनी असेल तर तो अडकलेला आरसा. चालू बाजूला अडकला तर पांढरा, बंद बाजूला अडकला तर काळा. एका चिपच्या प्रोजेक्टरमध्ये असा ठिपका लाल किंवा हिरवा कधी नसतो, कारण तिन्ही रंगांच्या वेळेला तोच एक आरसा उघडा राहिलेला असतो. रंगीत ठिपका दिसला तर तुमच्याकडे एलसीडी किंवा तीन चिपचा प्रोजेक्टर आहे.

अडकलेला आरसा थोपटून, गरम करून किंवा रात्रभर व्हिडिओ चालवून सुटल्याचं मी पाहिलेलं नाही. एक आला की पाठोपाठ चार येतात, आणि शेवटी चिप बदलावी लागते. उष्णता आणि एकाच बाजूला सतत पडून राहणं, दोन्ही बिजागरीला मानवत नाहीत. म्हणून फिल्टर साफ ठेवा, विशेषतः खोदलेल्या रस्त्याला लागून दुकान असेल तर. कार्यक्रम संपला की प्लग ओढून मोकळं होऊ नका. पंखा आपोआप थांबेपर्यंत थांबा. आणि दिवसभर एकच स्थिर पाटी दाखवत ठेवू नका.

एलईडी किंवा लेझरच्या प्रोजेक्टरमध्ये काय वेगळं?

तिथे उजेडच चिमटीत धरता येतो. दिव्याच्या प्रोजेक्टरमध्ये लॅम्प एकसारखा जळत राहतो आणि सगळी कसरत आरशाची. एलईडी मायक्रोसेकंदांत मंद-तेज होते. त्यामुळे सगळ्यात लहान तुकड्याच्या वेळी उजेडच निम्मा केला, तर आरशाला घाई न करता निम्मं वजन मिळतं. अंधारातल्या मुंग्या यानेच कमी होतात. तिन्ही रंगांच्या वेगळ्या एलईडी असतील तर चकतीचीही गरज उरत नाही.

दिव्याच्या काही होम थिएटर मॉडेलमध्ये चकतीवरच एक गडद हिरवी काच ठेवलेली होती, अंधाऱ्या छटांसाठी. कल्पना तीच: वेळ कापता येत नसेल तर उजेड कापा.

४के लिहिलेल्या डीएलपीत खरंच ८३ लाख आरसे असतात का?

परवडणाऱ्या बहुतेक मॉडेलमध्ये नाही. १९२० गुणिले १०८० ची चिप असते आणि एक काच चित्राला चार वेळा अर्ध्या-अर्ध्या पिक्सेलने सरकवते. म्हणजे एका चित्राच्या वेळेत चार चित्रं, प्रत्येकाला जेमतेम ४.१७ मिलिसेकंद, आणि त्यातही तीन रंग. अक्षरांची धार सुरेख येते. पण छटांसाठी वेळ कमी उरतो आणि डिदरिंगवरचा भार वाढतो.

सिनेमागृहातही हेच आरसे?

डीएलपी सिनेमाच्या यंत्रांत तीन चिप असतात, प्रत्येक रंगाला एक, आणि लोलक उजेड वाटून पुन्हा एकत्र करतो. चकती नाही, रंगीत रेषा नाहीत. प्रत्येक चिपला चित्राचा पूर्ण वेळ मिळतो. ६० हर्ट्झला लहान तुकडा २१.८ ऐवजी ६५ मायक्रोसेकंदांचा, म्हणून बारीक छटांना ऐसपैस जागा. या आरशांसाठी हॉर्नबेक यांना २०१५ मध्ये ऑस्कर अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला.

तसं पाहिलं तर डोळ्याला फसवायचं हे काम आमच्या जिल्ह्याला परकं नाही. दादासाहेब फाळके १८७० मध्ये त्र्यंबकचेच जन्मलेले. फिल्मच्या प्रोजेक्टरमध्येही उजेड अखंड नसायचा. सेकंदाला २४ चित्रं, आणि फिरती पाती प्रत्येक चित्र दोनदा झाकून-उघडून ४८ वेळा चमकवायची. आरशांनी तीच युक्ती कितीतरी पटींनी जलद केली.

डीएलपी घ्यावा की एलसीडी?

वर्गात दिवे चालू ठेवून तक्ते, नकाशे आणि रंगीत चित्रं दाखवायची असतील तर मी एलसीडी सुचवतो. त्यात द्रवस्फटिक खरोखरच उजेड अर्धवट अडवतात, तिन्ही रंग एकदम येतात. धुळीची जागा किंवा ठळक अक्षरं असतील तर डीएलपी. त्याची चिप काचेखाली बंद असते. किमतीवरून ठरवू नका, आधी पेन्सिल हलवून बघा.

अंबडच्या कारखान्यात ३डी प्रिंटरमध्ये हीच चिप आहे म्हणे?

असू शकते. रेझिन कडक करणाऱ्या काही प्रिंटरमध्ये आणि सर्किट बोर्डवर थेट नक्षी उमटवणाऱ्या यंत्रांत हेच आरसे अतिनील किंवा त्याच्या जवळच्या जांभळ्या उजेडाला वळवतात. तिथे छटेचा अर्थ वेगळा: आरसा किती वेळ उघडा राहिला, त्यावर रेझिन किती कडक होईल हे ठरतं. कडेचे ठिपके अर्धवट वेळ उघडे ठेवले की पायऱ्या गुळगुळीत होतात.

प्रोजेक्टर उघडून आरसे बघता येतील का?

चालू असताना मुळीच नाही. लॅम्प पेटवणारी वीज हजारो व्होल्टची असते आणि तो उजेड डोळ्यांना अपाय करतो. शिवाय नुसत्या डोळ्यांना एकेक आरसा दिसतही नाही. माझ्या टेबलाच्या खणात एक बाद झालेली चिप कागदात गुंडाळून ठेवली आहे. टपाल तिकिटाहून लहान काच, आणि काचेखाली राखाडी आरशाचा तुकडा. ट्यूबलाइटखाली जराशी तिरपी धरली की त्या राखाडीवर मोरपिसासारखे रंग फिरायला लागतात, कारण आरशांच्या इतक्या बारीक रांगा उजेडाला रंगांत फोडतात. शाळेची मुलं आली की तीच मागतात, आणि खिडकीपाशी नेऊन पहिला कवडसा छतावर पाडतात.